टिपणीसकाकांची हिरवी

श्टुटगार्टमध्ये खोली शोधत होते तेव्हा घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले. सिगारेट ओढता का, मांजर आहे का, रोज फोडणी देता का, हिवाळ्यात खिडकी दिवसातून किती वेळा उघडता. त्सुफेनहाउझेन या उपनगरातल्या टिपणीसकाकांनी एकच प्रश्न विचारला, तोही दारातच, माझ्या पायातले बूट निघायच्या आत.

"कान कसे आहेत तुझे?"

"चांगले आहेत," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"मोजलेत?"

"नाही."

"मग चांगले आहेत असं कसं म्हणतेस? आधी मोजावं, मग बोलावं. ये आत, चहा टाकतो."

खोली मिळाली. त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावरची, मागच्या अंगणाकडे उघडणारी, शेजारी एवढंसं स्वयंपाकघर असलेली. वर काका आणि त्यांची बायको रेनाटे. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत यंत्रांच्या कंपनांवर पीएचडी करायला आले होते. काकांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले. पीएचडी व्हायला अजून चार वर्षं होती, पण त्यांचं म्हणणं असं की पाटी आधी लावून ठेवावी, दुकान मागाहून येतं.

दिनकर टिपणीस मूळचे पेणचे. विशी ओलांडता ओलांडता टूलमेकरचं काम शिकायला जर्मनीत आले आणि परत जायचं राहूनच गेलं. जन्मभर एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी गाड्यांसाठी बारीक सुटे भाग घडवले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असायचाच. रेनाटेने कापलेल्या केकचे दोन तुकडे सारखे आहेत का, हे त्यांनी त्याने तपासल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पेणचा माणूस आणि गणपती विकत आणतो म्हणजे काय, असं वाटून एका वर्षी त्यांनी स्वतः मातीची मूर्ती केली. दोन्ही कान मोजून सारखे, दोन्ही खांदे सारखे. मूर्ती सुबक झाली, पण बाप्पा ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसल्यासारखे दिसत होते. रेनाटे हसून हसून बेजार झाली. काका म्हणाले, "मापात चूक असेल तर दाखव."

त्या भागात प्रत्येक घराला पाळीपाळीने आठवडाभर जिना आणि फुटपाथ झाडावा लागतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते. बाकीचे लोक कसंबसं उरकतात. काका जिन्याचे कोपरे रंगाच्या मऊ ब्रशने साफ करायचे. माझी पाळी असली की तेच काम काका पुन्हा एकदा, मी इन्स्टिट्यूटला गेल्यावर, गुपचूप करायचे. मला ते कळायचं आणि मला कळतं हे त्यांनाही कळायचं, पण चार वर्षांत आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही.

रेनाटेला मी रेनाटेच म्हणायचे. एकदा काकू म्हणून पाहिलं, तर ती मागे वळून बघायला लागली, कोण आलं म्हणून. लग्नानंतर ती पेणला गेली तेव्हा तिच्या सासूबाई सासऱ्यांना 'अहो' अशी हाक मारायच्या. ती हाक तिला इतकी आवडली की तिने ती उचललीच. बाकी सगळं बोलणं जर्मन, पण अंगणातून हाक यायची ती "आss होss!" शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ते काकांचं नाव वाटलं. त्या कितीतरी वर्षं त्यांना 'हेर आहो', म्हणजे श्रीयुत आहो, म्हणत होत्या आणि काका सभ्यपणे ओ देत होते.

या दोघांचं जमलं कसं, हे मला रेनाटेनेच सांगितलं. इथे घर बदललं की सरकारी कचेरीत जाऊन नवा पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. रेनाटे त्या कचेरीत खिडकीमागे बसायची. काका पहिल्यांदा पत्ता नोंदवायला गेले, तिने त्यांच्या आडनावाचं एकेक अक्षर विचारून घेतलं, शिक्का मारला, संपलं. पुन्हा तिथे जायला कारण हवं ना! काकांनी खोली बदलली. पुन्हा आन्मेल्डुंग. दीड महिन्याने तिसरी खोली. तिसरीला म्हणे गरम पाणीच नव्हतं. तेव्हा रेनाटेने शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाली, "हेर टिपणीस, तुम्हाला घर बदलायची गरज नाही. शनिवारी मी कोपऱ्यावरच्या कॅफेत असते."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग त्याला गरम पाण्याची खोली शोधायला मी मदत केली," रेनाटे म्हणाली. "आल्झो, म्हणजे चौथी आन्मेल्डुंग."

तर हिरवी.

काकांकडे शंभरेक रेकॉर्डी होत्या. नाट्यसंगीत होतं, लावण्या होत्या, रेनाटेची चर्चमधली गाणी होती. पण घरात 'रेकॉर्ड' म्हटलं की एकच, आणि तिला ते दोघं 'हिरवी' म्हणायचे. एका इंग्लिश रॉक बँडचा अल्बम. बँडने पहिला अल्बम काढला, तो फारसा कुणी घेतला नाही, दुसरा निघालाच नाही. वेष्टनावर गवताच्या गाडीत बसलेली चार केसाळ पोरं आणि एक मुलगी. सगळ्यांचे चेहरे हिरवे, आकाश जांभळं, आणि पाचांपैकी एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही. हा अल्बम काकांनी निवडून घेतला नव्हता. मायदेशी परत जाणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्याच खोक्यात ही पडलेली होती. प्लेअर अमेरिकन म्हणून त्याच्यासाठी टेबलाखाली विटेएवढा ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असायचा आणि तो मंद गुणगुणायचा.

दर रविवारी दुपारी साडेतीनला कॉफी आणि केक, आणि मग हिरवी. एकदा मला वर बोलावणं आलं आणि पुढे तो रिवाजच झाला. काका आधी हात साबणाने धुवायचे. तबकडी मऊ ब्रशने पुसायचे. महिन्यातून एकदा तिची अंघोळ व्हायची, आणि त्यानंतर ती वाळवायची एक वेगळी जाळी होती. 'इथे बशा ठेवू नयेत' अशी रेनाटेच्या अक्षरातली चिठ्ठी तिच्यावर चिकटवलेली. सुई टेकली की बोलायचं नाही. चमचाही कपात हलवायचा नाही. एकदा युनिव्हर्सिटीतला माझा एक मित्र आला होता. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "काका, मस्त ट्रिपी आहे हो!" काकांनी सुई उचलली नाही. मध्येच सुई उचलणं त्यांच्या लेखी पाप होतं. त्यांनी फक्त त्याचा केक त्याच्यासमोरून उचलला आणि बाजू संपल्यावर परत दिला.

मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. काकांनी शिकवलं. गिटारींचा घुमारा, उलटी फिरवलेली टेप, मध्येच गायब होणारा ढोल, आणि या सगळ्याच्या खाली जुनी खेड्यातली गाणी. कापणीची, गिरणीची, पुरात अडकलेल्या होडीवाल्याची. "शहरातल्या पोरांनी गावाचं गाणं उचललं," काका म्हणायचे, "पण गावाला हसली नाहीत. ते अवघड असतं. पुढच्या वेळी ऐक, फिडल वाजतंय तोवर गिटार कशी दारात थांबते बघ. पाहुण्यांसारखी. बोलावल्याशिवाय आत येत नाही." एका गाण्यात सतार होती, तिच्यावर मात्र त्यांचा राग. "ती उगाच आहे. तेव्हाची पद्धत होती. आपल्याकडे लग्नात बँड आणतात तशी."

आणि ती गाणारी बाई! जड, सावकाश, आयुष्य बघितलेला आवाज. प्रत्येक शब्द खाली ठेवून मग दुसरा उचलणारा.

"चाळिशीची असेल, नाही?" मी एकदा विचारलं.

"तशी वाटते ना?" काका म्हणाले. "मग वाटू दे."

मला चार पाहुण्यांसारखी फक्त पहिली बाजू ऐकायला मिळायची. ती संपली की काका तबकडी उलटायच्या आधी म्हणायचे, "चला डॉक्टरीणबाई, अभ्यासाला." दुसऱ्या बाजूला एकच सलग लांब गाणं आहे एवढं मला माहीत होतं. नदी उतरायची वाट बघणाऱ्या गिरणीवाल्याच्या मुलीचं. खाली माझ्या खोलीत ते छतातून अस्पष्ट यायचं. आणि त्याबरोबर आवाज यायचा, ठप्प, मग सर्र. ठप्प, सर्र. गाणं असेपर्यंत. मला वाटायचं, काका खुर्च्या सरकवून केकचा चुरा झाडतायत. त्यांच्या स्वच्छतेपुढे काहीही अशक्य नव्हतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी रेनाटेच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिचा डावा पाय लहानपणच्या पोलिओने आखूड राहिलेला. त्या पायात जाड तळव्याचा, बनवून घेतलेला बूट. इतकी वर्षं सगळा भार उजव्या बाजूने उचलला आणि शेवटी ती झिजली. ऑपरेशननंतर तिला तीन आठवडे रेहाला पाठवलं, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात त्या ठिकाणी. काकांनी तिथेच जवळ खोली घेतली. झाडांना पाणी घालायला वरच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"रेनाटे चालत नाही गं. घाबरते. दोन पावलं टाकते आणि बसते. डॉक्टर म्हणतात, आता चालली नाही तर खुर्चीच."

"मग?"

"तिथली व्यायाम घेणारी मुलगी तिला म्हणाली, काहीतरी एक ठरवा. घरी जाऊन काय करायचंय ते. कुणी म्हणतं बाग, कुणी म्हणतं नातवंडं. रेनाटे म्हणाली, दुसरी बाजू."

"हिरवीची?"

"गेनाऊ, तीच. आता रोज तेवढ्यासाठी उठते. कॉरिडॉरमध्ये मी गुणगुणतो, ती पावलं टाकते."

मला वाटलं, हिरवी ऐकायला तिचा जीव आसुसलाय. मला गहिवरून आलं, आणि माझ्यासारख्या माणसाला गहिवरून आलं की तो काहीतरी दुरुस्त करायला घेतो.

दुसऱ्याच दिवशी ट्रेनमध्ये मी तो अल्बम मोबाइलवर शोधला. सापडला. कानात लावला आणि चुकीचा लागला की काय असं वाटलं. गाणी तीच, पण भरभर. आणि ती बाई बाई नव्हतीच. एकोणीस-वीस वर्षांची पोर होती, हलक्या, हसऱ्या आवाजाची. संध्याकाळी वरच्या घरात जाऊन मी प्लेअर चालू केला आणि मोजलं. मिनिटाला तेहतीसच्या वर फेरे व्हायला हवेत, होत होते अठ्ठावीसला थोडे कमी. प्लेअर उलटा केला. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इथली पन्नास, आणि तसली मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. ट्रान्सफॉर्मर विजेचा जोर बदलतो, हेलकावे बदलत नाही. मोटरवरचं बोटाच्या पेराएवढं चाक काढून थोडं मोठं बसवायला हवं होतं, ते कुणी बसवलंच नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं टिपणीसकाका, खिशात व्हर्नियर घेऊन हिंडणारे टिपणीसकाका, आपला लाडका अल्बम चुकीच्या वेगाने ऐकत होते!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये अल्युमिनियमचं नवं चाक करून घेतलं, बसवलं, मोजलं. अगदी बिनचूक. जुनं चाक मी नियमाप्रमाणे टाकाऊ धातूंच्या केंद्रावर नेऊन पिंपात टाकलं. काका आणि रेनाटे परत आल्यावर पहिल्या रविवारी केक माझ्या हातचा होता.

रेनाटे कुबड्या भिंतीला टेकवून सोफ्यावर बसली होती. केस तिने सेट केले होते, लिपस्टिक लावली होती. काकांनी हात धुतले, तबकडी पुसली. सुई टेकली आणि ती पोर गायला लागली.

काकांना पहिल्या सुरालाच कळलं. त्यांनी प्लेअरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसले. रेनाटेने काटा बशीत ठेवला.

"ओ," ती म्हणाली. हिरवी चालू असताना त्या घरातलं माणूस पहिल्यांदाच बोललं असावं. "ही तर अगदी तरुण मुलगी आहे."

बाजू संपली. मी सगळा शोध सांगितला, हेलकाव्यांसकट. काका ऐकून म्हणाले, "छान काम केलंस हो." मग नेहमीसारखं, पण जरा हळू आवाजात, "चला डॉक्टरीणबाई, अभ्यासाला."

खाली येऊन बसले. छतातून दुसरी बाजू सुरू झाली. ठप्प. मग बराच वेळ काही नाही. ठप्प, सर्र, आणि पुढचं ठप्प फार घाईत, सर्र झालंच नाही. पुन्हा एकदा सुरुवात. मग काहीतरी जड सोफ्यावर बसल्याचा आवाज. आणि मग गाणं मध्येच थांबलं. काकांनी सुई उचलली होती.

त्या क्षणी मला कळलं की वर खुर्च्या कधीच सरकत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खाली आले. हातात कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी काळी डबी. त्यातून त्यांनी एक छोटं पितळी चाक काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"मोज."

मी मोजलं. मी करून घेतलेल्या चाकाचंच माप होतं ते.

"प्लेअर घेतला त्याच आठवड्यात केलं होतं," काका म्हणाले. "हळू फिरतोय ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. शनिवारी रेनाटे पहिल्यांदा माझ्या खोलीवर येणार होती. म्हटलं, ती गेली की बसवू. मी हिरवी लावली. दुसऱ्या बाजूला ती उठली आणि नाचायला लागली. तिच्या गावच्या नाचांना ती लहानपणापासून जायची, पण भिंतीशी उभी राहून मैत्रिणींचे कोट सांभाळायला. कुठलंच गाणं तिच्या पायासाठी थांबायचं नाही. हे थांबलं. मग मी चाक डबीत टाकलं."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना? कधीच?"

"काय सांगायचं? तुझ्यासाठी गाणं मुद्दाम हळू ठेवलंय म्हणून? पुन्हा उठली असती का ती?"

मला रडू फुटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी कसंबसं म्हटलं, "काका, मी आत्ताच्या आत्ता जुनं बसवते." आणि मग आठवलं. "जुनं तर मी टाकलं. तिकडे, अल्युमिनियमच्या पिंपात."

"अल्युमिनियमच्या?" काकांचा चेहरा पहिल्यांदाच दुखावलेला दिसला. "अगं, ते पितळेचं होतं."

तेवढंच काय ते ते मला रागावले. उठताना म्हणाले, "रडू नकोस. मापात तुझी चूक नाही. आधी मोज मग बोल, हे मीच तुला शिकवलं. आधी विचार, हे सांगायचं माझं राहिलं."

तो आठवडा वाईट गेला. रेनाटे सोफ्यावरून उठेना. जेवायलाही तिथेच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तिने दारातूनच परत पाठवलं. मी वर गेले तेव्हा ती रागावलेली नव्हती, त्याहून वाईट होती. मला शेजारी बसवून ती म्हणाली, "चाळीस वर्षं मला वाटत होतं की मला नाचता येतं."

"येतंच," स्वयंपाकघरातून काका म्हणाले. "त्या पोरांनाच नीट वाजवता आलं नाही."

एरवी ती हसली असती. ती फक्त म्हणाली, "तू मला सांगायला हवं होतंस, आहो." नळ बराच वेळ वाहत राहिला.

शुक्रवारी ते मला घेऊन त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेले. आता तिथे सगळी यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात, पण कोपऱ्यात एक जुना लेथ अजून होता. आताचे मालक काकांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी न विचारता दिवा लावून दिला. काकांचे हात हल्ली थरथरायचे, कप धरला की बशी वाजायची. पण पितळेचा तुकडा फिरायला लागला आणि हात थांबले. हरवलेल्या चाकाचं माप त्यांच्या डोक्यात होतं. ते एक कड तासायचे, मोजायचे, पुन्हा तासायचे. एक चाक केसाच्या जाडीएवढं कमी भरलं, ते त्यांनी बाजूला टाकलं. मी म्हटलं, "काका, नाहीतरी वेग चुकीचाच राहणार आहे ना?"

"चुकीचा असला तरी तोच हवा," ते म्हणाले. "तिचा पाय किती वेळात उचलतो, ते मला माहीत आहे. तुला नाही." इतकं बिनचूक चुकीचं काम मी नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही.

रविवारी कॉफीच्या टेबलावर एका बशीत त्यांनी दोन चाकं ठेवली, मी केलेलं आणि त्यांनी केलेलं. रेनाटेसमोर सरकवली.

"हे बरोबर आहे. हे आपलं आहे. आता तुला दोन्ही माहीत आहेत. कोणतं लावू?"

रेनाटेने बशीकडे पाहिलं. "आधी केक," ती म्हणाली. तिने सावकाश सगळा केक संपवला, बोटाने बशीतले कणही टिपले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अभ्यासाला." त्या दिवशी मला पहिली बाजूही मिळाली नाही.

मी खाली येऊन पलंगावर पडले आणि छताकडे बघत राहिले. आधी तबकडीची खरखर. मग आवाज आला, तो जड, सावकाश, चाळिशीतल्या बाईचा आवाज. पाऊल मात्र नाही. गिरणीवाल्याच्या मुलीने पहिलं कडवं संपवलं. फिडल आलं. दुसरं कडवं. मी उशी घट्ट धरून ठेवली होती. गिटार दारात येऊन थांबली, नेहमीसारखी, बोलावण्याची वाट बघत.

ठप्प.

सर्र.

ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. शेवटचा सूर जाईपर्यंत. मी तो रविवार विसरणार नाही.

रेनाटे पुढे बरीच चालली, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत एकटी जायची. मी डॉक्टरीणबाई झाले. काकांनी खरोखरच पितळेची पाटी करून दिली. मला म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली आणि मी तिकडे निघून गेले. फोन असायचे. मागच्या हिवाळ्यात रेनाटे गेली, झोपेत. मी अंत्यविधीला होते, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

या मार्चमध्ये एका रविवारी काकांकडे गेले. जिना चकचकीत. दाराशी रेनाटेचा बूट, पॉलिश केलेला. काका वाळले होते, पण खिशात व्हर्नियर होता. केक विकतचा होता, दोन तुकडे अगदी सारखे. साडेतीनला त्यांनी हात धुतले आणि हिरवी काढली. पहिली बाजू वाजली, ती वीस वर्षांची पोर गायली. मी प्लेअरकडे पाहिलं.

"तुझंच चाक लावलंय," काका म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं झालंय. मोजलं मी."

"पण का? आपलं होतं ना?"

"ते लावलं की मी उठतो गं," ते म्हणाले. "उठतो आणि उभा राहतो. मग पुढे काय करायचं ते कळत नाही."

मी उठायला लागले, सवयीने. दुसऱ्या बाजूची वेळ झाली होती. काकांनी हाताने खाली बस म्हणून खूण केली. तबकडी उलटली. सात वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच मी दुसरी बाजू त्या खोलीत बसून ऐकली. फार सुंदर आहे. नदी उतरते, मुलगी पलीकडे जाते, आणि सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात.

सुई उचलून काका परत येऊन बसले. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता नाही. आपल्या चाकावर ही बाजू चोवीस मिनिटं चालायची. ह्याच्यावर वीसच. चार उरतात. ती रेनाटेची."

आम्ही बसून राहिलो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. घड्याळ चालत होतं. काकांनी डोळे मिटले होते, हात मांडीवर होते. टेबलाखालून आवाज आला म्हणून मी खाली पाहिलं. सपातांमधली त्यांची पावलं लाकडी जमिनीवर आपोआप हलत होती. उजवं टेकत होतं, डावं त्याच्यामागे ओढत येत होतं. चार मिनिटं पुरी होईपर्यंत ती हलत राहिली.